पांढरी साडी, सावळा चेहरा आणि आमचा कॅमेरा



माता रमाईचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. रमाई आणि बाबासाहेबांचं लग्न झालं ते भायखळ्याच्या बाजारात, रात्री, दिवसभराचा बाजार उठल्यावर. चरित्रकारांनी लिहून ठेवलं आहे: दगडी ओटे हेच बाक, एका कोपऱ्यात नवरदेवाकडची माणसं, दुसऱ्या कोपऱ्यात नवरीकडची, पायाखालून गटाराचं पाणी वाहतंय, आणि सकाळी विक्रेते यायच्या आत जागा मोकळी करून द्यायची आहे. त्या लग्नाला फोटोग्राफर नव्हता. आम्ही दोघं मालवणात लग्नाचे फोटो काढून पोट भरतो. संध्याकाळी मासळी बाजार धुऊन झाल्यावर रिकामे ओटे दिसले की हा प्रसंग हटकून आठवतो, आणि धंद्याची सवय म्हणून आम्ही हिशेब करू लागतो: पत्र्याच्या छपराखाली, एखाद्या कंदिलाच्या उजेडात, कुठे उभं राहून काढला असता आपण तो फोटो?

हे लिहायला कारण घडलं ते 14 एप्रिलला. मिरवणूक संपली, आम्ही कॅमेरे बॅगेत भरत होतो, तेवढ्यात वाडीतला एक कॉलेजात जाणारा मुलगा सरळ म्हणाला, "तुम्ही वाडीत साधेपणाने लग्न करा म्हणून सांगता आणि स्वतः लाखा-लाखाच्या ऑर्डरी घेता. हे कसं काय?" त्याला तिथल्या तिथे काही उत्तर देता आलं नाही. उत्तर लांब होतं, आणि खरं सांगायचं तर पूर्ण तयारही नव्हतं. जेवढं तयार झालं तेवढं इथे मांडतो.

आमच्यातला एक कुडाळ तालुक्यातल्या बौद्धवाडीतला, दुसरी मालवण किनाऱ्यावरच्या गाबीत घरातली. तो कुडाळातल्या एका स्टुडिओत लाइटमन होता, म्हणजे लग्नात हॅलोजन धरून उभा राहायचा. ती झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायची आणि सीझनमध्ये त्याच स्टुडिओचे अल्बम डिझाइन करायची. ओळख झाली ती पेनड्राइव्ह पोहोचवता पोहोचवता. लग्न नोंदणी पद्धतीने केलं. तिच्या घरून कोणी आलं नाही. आंतरजातीय विवाहाच्या सरकारी योजनेचा अर्ज भरायचा होता, त्याला नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो, म्हणून लाल पडद्यासमोर दोन खुर्च्यांवर बसून एक फोटो काढून घेतला. शेकडो लग्नांचे फोटो काढलेल्या आम्हा दोघांच्या लग्नाचा तेवढाच एक फोटो आहे, आणि तोही जिल्हा परिषदेच्या फायलीसाठी काढलेला. त्यात तिच्या डोळ्यांत फ्लॅशची चमक आहे आणि त्याची कॉलर एका बाजूने आत गेली आहे. दुकानात बाबासाहेब आणि तथागतांच्या खाली आम्ही तोच लावला आहे.

योजनेचे पैसे आले, त्यात थोडी उसनवारी घातली आणि एक जुना कॅमेरा, एक लेन्स घेतली. कोकणात हा धंदा करणाऱ्याचा पहिला शत्रू पाऊस. जूनपासून चार महिने हवेत एवढा ओलावा असतो की बॅगेत ठेवलेल्या लेन्सच्या काचेवर आतून बुरशीची जाळी धरते. ड्राय कॅबिनेट घ्यायला पैसे नव्हते, म्हणून पत्र्याच्या पेटीत पंधरा वॅटचा बल्ब लावून त्यात लेन्स ठेवायचो. वीज गेली की दोघांपैकी एकजण उठून पेटीला हात लावून बघायचा. मूल जन्माला यायच्या आधीच आमची जागरणाची सवय झाली होती.

आता धंद्यातली जात. ती फोनवरच सुरू होते. "रेट काय?" याच्या आधी "तुमी खयचे?" आणि मग "आडनाव काय तुमचा?" आमच्या भागात आडनावावरून वाडी कळते आणि वाडीवरून सगळं कळतं. आपले कितीतरी तरुण या धंद्यात आहेत. बहुतेकांनी दुकानाचं नाव असं ठेवलेलं असतं की कशाचा पत्ता लागू नये. त्यांना आम्ही नावं ठेवत नाही, कारण पहिली दोन वर्षं आम्हीही तेच केलं. फोन ती उचलायची, माहेरचं आडनाव सांगायची, आणि ऑर्डर व्हायची.

त्याच काळात एका गावात लग्न होतं. घर मोठं, मानकऱ्याचं. गाव आणि घर इथे सांगत नाही. आदल्या दिवशी देवक बसवायचं होतं, फोटो आत, देवघराच्या खोलीत काढायचे होते. सकाळपर्यंत कोणीतरी आमची चौकशी केली असावी. तो कॅमेरा घेऊन उंबऱ्याशी गेला तर घरातल्या एका वडीलधाऱ्याने हात आडवा धरला. ओरडले नाहीत, अपमानही केला नाही, अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "तू भायरसूनच काढ. लेन्स मोठी आसा मां तुझी? बायलेक आत पाठव."

म्हणजे कॅमेऱ्याला विटाळ नाही. कॅमेरा पूर्वी कोणाच्या हातात होता याची कोणी चौकशी करत नाही. लेन्स आत बघू शकते, माणूस आत जाऊ शकत नाही. अस्पृश्यतेने झूमची सोय करून घेतली आहे!

आणि ती आत गेली. हे आम्ही लपवणार नाही. अर्धे पैसे यायचे होते, फोटो निघाले नसते तर तेही गेले असते. तिने आत जाऊन देवकाचे फोटो काढले, चांगले काढले, आणि तो ओटीवर उभा राहून तोरणाचे, रांगोळीचे, चपलांचे फोटो काढत राहिला. रात्री घरी आल्यावर आम्ही भांडलो. ती म्हणत होती, तूच डोळ्यांनी खुणावलंस जा म्हणून. तो म्हणत होता, तू थांबली असतीस तर मीही थांबलो असतो. दोघांचंही खरं होतं. त्या अल्बममध्ये चपलांचा एक फोटो दोन पानांवर पसरून लावला आहे. गिऱ्हाइकाला तो फार 'कलात्मक' वाटला.

त्यानंतर नियम केला. दोघं जाऊ तिथे दोघं आत, नाहीतर दोघंही नाही, आणि हे ॲडव्हान्स घेतानाच सांगायचं. दुकानात बाबासाहेबांचा फोटो दारातून दिसेल असा लावला. त्या सीझनला ठरलेल्या ऑर्डरींपैकी तीन परत गेल्या. कारण कोणी सांगितलं नाही. एकाने सांगितलं की मुलीचा मामाच फोटोग्राफर निघाला. आम्ही फार शूर होतो असं समजू नका. तिसरा फोन आला तेव्हा बाबासाहेबांचा फोटो आतल्या भिंतीवर हलवू या का, यावर आमच्यात अर्धा तास चर्चा झाली होती. फोटो हलला नाही, एवढंच. दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. आचऱ्याकडच्या एका लग्नात घरचे आजोबा स्वतः उठून आमच्या पानाशेजारी येऊन बसले आणि सोलकढी वाढून घेईपर्यंत उठले नाहीत. पण हे आम्ही प्रसंग म्हणून सांगतो, यातच सगळं आलं. ज्या दिवशी ते सांगण्यासारखं वाटणार नाही त्या दिवशी बोलू.

आणि आपल्या लोकांबद्दलही बोलायला पाहिजे, नाहीतर हे लेखन एकतर्फी होईल. आपल्यातले लोक आमच्याकडे येतात आणि पहिलं वाक्य बोलतात, "आपलेच आहात, तर रेट कमी करा." पैसे आले की तेच लोक शहरातला मोठ्या नावाचा फोटोग्राफर आणतात, कारण 'त्यांचं काम वेगळं असतं'. काम वेगळं असतं ते कोणत्या अर्थाने, तेही बघून घेऊ.

या धंद्यात सर्वात जास्त मागणी कशाला असेल तर गोरं करण्याला. "जरा उजळ करा हां" हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलं आहे की सुरुवातीला ती न विचारताच करून टाकायची. एका क्लिकचं काम. अशाच एका आपल्या घरातल्या लग्नाचा अल्बम पोहोचवायला गेलो होतो. नवरीची आजी चष्मा लावून पानं उलटत होती. चार-पाच पानं झाल्यावर तिने विचारलं, "गे बाय, ह्या कोणाचा चेडू?" सगळे हसले. आजी हसली नाही. तिने नातीला हाताला धरून अल्बमशेजारी बसवलं, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे, आणि आम्हाला विचारलं, "आमच्या चेडवाचो रंग खंय गेलो?"

परत येताना गाडीवर आम्ही बोललो नाही. ज्या मुलीचा रंग आम्ही पुसला होता तो रंग तिच्या आजीचा होता, आमच्यातल्या एकाच्या आईचा होता, आणि दर्यावर उन्हात उभ्या राहणाऱ्या दुसरीच्या आईचाही होता. फेअरनेस क्रीमच्या जाहिरातीविरुद्ध आपण पोस्ट लिहितो, आणि इकडे आम्ही तेच काम पानाला इतके रुपये घेऊन करत होतो!

मग या विषयाचं वाचायला लागलो, तेव्हा कळलं की हा खेळ आपल्या गावापुरता नाही. फिल्मच्या जमान्यात कोडॅक कंपनी प्रिंटिंग लॅबना रंग जुळवण्यासाठी एक नमुन्याचं कार्ड पाठवायची. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असायचा. तिचा रंग बरोबर आला की मशीन बरोबर. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला शर्ली कार्ड म्हणत. काळ्या माणसांचे चेहरे त्या फिल्मवर काळा डाग होऊन जायचे, डोळे आणि दात तेवढे दिसायचे. काळ्या आयांनी शाळेच्या ग्रुप फोटोबद्दल तक्रार केली तरी कंपनी हलली नाही. हलली ती चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांच्या तक्रारीने, कारण त्यांच्या जाहिरातीत तपकिरी रंगांतला फरक दिसत नव्हता. म्हणजे माणसापेक्षा चॉकलेटची बाजू भक्कम ठरली. दुसरी गोष्ट पोलरॉइडची. दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या लोकांना सक्तीने बाळगाव्या लागणाऱ्या पासबुकांसाठी त्या कंपनीची झटपट फोटोची यंत्रणा वापरली जाते, हे 1970 साली कंपनीतल्याच दोन कृष्णवर्णीय कामगारांच्या लक्षात आलं. कॅरोलिन हंटर आणि केन विल्यम्स. त्यांनी कंपनीविरुद्ध आघाडी उघडली, हंटर यांची नोकरी गेली, पण 1977 मध्ये पोलरॉइडला दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडावं लागलं. कॅमेरा तटस्थ असतो असं म्हणणाऱ्यांनी या दोघांची नावं पाठ करावीत.

उलट बाजूने फ्रेडरिक डग्लस बघा. गुलामीतून पळून आलेला माणूस, आणि एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत सर्वाधिक फोटो काढले गेलेल्यांत त्याचं नाव पहिलं घेतलं जातं. दीडशेहून जास्त फोटो, प्रत्येकात नीट कपडे, करडी नजर. काळ्या माणसाचं व्यंगचित्र काढणाऱ्या समाजाला त्याने आपला चेहरा स्वतःच्या अटीवर दाखवला. बाबासाहेबांचा सुटाबुटातला फोटो आपल्या झोपडीत का असतो, हे आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

तर गोरं करणं बंद केलं. पण बंद करणं सोपं, सावळा चेहरा नीट काढणं अवघड, हे लगेच कळलं. आपली लग्नं पांढऱ्या कपड्यांत होतात. कॅमेऱ्याचं मीटर मधल्या करड्या छटेला प्रमाण मानून चालतं. फ्रेममध्ये पांढरी साडी, पांढरा सदरा, मागे पांढरा पडदा आला की मीटरला वाटतं उजेड फार झाला, आणि ते सगळंच खाली ओढतं. साडी करडी होते आणि चेहरा काळवंडतो. मग लोक म्हणतात, 'उजळ करा'. चूक रंगाची नसते, मोजमापाची असते. आम्ही मीटरवर विसंबणं सोडलं. मॅन्युअलवर ठेवून उजेड चेहऱ्याप्रमाणे बांधतो, साधारण एक स्टॉप वर. साडीचं पांढरं फुटू नये म्हणून समोरचा फ्लॅश बंद करून उजेड बाजूने घेतो, खिडकी असेल तर खिडकीचा, नसेल तर छत्री लावून. रॉ फाइल काढतो. सावळ्या गालावर बाजूने उजेड पडला की जी चमक येते ती गोऱ्या कातडीवर येत नाही, हे आम्ही आता पैज लावून सांगतो. या धंद्यात येणाऱ्या आपल्या मुलांनी हे शिकून घ्यावं. आमच्याकडे या, फुकट शिकवू.

बौद्ध विवाहाचे फोटो काढायला लागलो तेव्हा आणखी एक गोष्ट सापडली. महापरिनिर्वाणाच्या आदल्या दिवसांत, डिसेंबर 1956 च्या पहिल्या आठवड्यात, बाबासाहेबांनी एका पत्रात बौद्ध विवाहविधी सांगितला आहे. होम नाही, सप्तपदी नाही. दोघांच्या मध्ये चौरंगावर पाण्याने काठोकाठ भरलेलं नवं मडकं, त्यात सोडलेला सुती धागा, त्याचं एकेक टोक दोघांच्या हातात, अंगावर पांढरे कपडे, आणि कोणीतरी मंगल सुत्त म्हणायचं. बस. आम्ही ते वाचलं आणि एकमेकांकडे बघितलं. पाणी, माती, सूत आणि दोन माणसांचे हात, फोटोग्राफरला आणखी काय पाहिजे? धाग्यामागे उजेड ठेवला तर तो एक बारीक रेघ होऊन उजळतो. पण किती लग्नांत तो धागा आम्हाला दिसतो? बौद्धाचार्य घाईत आहेत, नवरदेवाच्या डोक्यावर फेटा आहे, डीजेवाला बाहेर साउंड चेक करतोय, आणि मडक्याच्या जागी प्लास्टिकच्या फुलांनी मढवलेला स्टीलचा कलश.

इथून त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो.

तारकर्ली-देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे सीझनमध्ये सकाळी सहाला गेलात तर तीन-चार जोड्या तरी प्री-वेडिंग करताना दिसतील. भाड्याचा लांब गाऊन, रंगीत धूर, होडी, ड्रोन. आपल्यातल्याही जोड्या असतात. आम्हीही काढली आहेत, पुष्कळ. एका मुलीच्या बापाकडे बाकी मागायला गेलो होतो. रिक्षा चालवतात. बाकी द्यायला त्यांनी वही काढली. हॉल, जेवण, डीजे, कपडे, गाडी, आणि आमचं नाव. फोटो-व्हिडिओ: पंच्याऐंशी हजार. वहीच्या वरच्या कोपऱ्यात बचत गटाचं आणि पतपेढीचं मिळून तीन लाखांचं कर्ज लिहिलेलं. एकूण कर्जाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त आम्हीच! त्यांनी बाकी मोजून दिली, चहा दिला, "फोटो बरे इले" म्हणाले. आम्ही चहा प्यालो. दुसरं काय करणार होतो?

सत्यशोधक समाजाचं पहिलं लग्न 25 डिसेंबर 1873 ला झालं, भटजी वगळून. त्यामागे खर्चाचा विचार होताच. भटाची दक्षिणा वाचवायला जोतीरावांनी लढा दिला. आज आपण भट घालवला आणि त्याची दक्षिणा इव्हेंटवाल्याला, डीजेवाल्याला आणि आम्हाला वाटून दिली. असं आम्हीच लिहिलं तर आमच्या पोटावर पाय येतो, हे आम्हाला कळतं.

पण एक वर्ष असं येऊन गेलं की त्याने सगळे युक्तिवाद तपासून दिले. एप्रिल 2021 मध्ये राज्य सरकारचा आदेश आला: लग्न दोन तासांत, पंचवीस माणसांत. आदल्या वर्षीचा सीझन मार्चपासूनच बुडाला होता. हाही बुडाला. मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं, माड पडले, खांब पडले, कित्येक दिवस वीज नव्हती. बल्बच्या पेटीचा उपयोग नव्हता, म्हणून लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवल्या. एक लेन्स विकली. त्यातून जे धान्य आणलं त्याचे दिवस आम्हाला आठवतात. पण त्याच दिवसांत आम्ही अंगणातली चार लग्नं केली. पंचवीस माणसं, बौद्धाचार्य, एक कॅमेरा. जागा असल्याने खिडकी आमच्या ताब्यात, घाई नाही, कर्णा नाही. त्यातल्या एका लग्नात पहिल्यांदा तो धागा नीट निघाला. नवरीचा बाप कोणाकडे पाणी द्यायला धावत नव्हता, तर बाजूला बसून मुलीकडे बघत होता. लग्नात नवरीच्या बापाचा शांत बसलेला फोटो आम्हाला त्याआधी मिळाला नव्हता. ती चारही लग्नं आज नीट चालली आहेत, कोणाचं काही अडलं नाही.

म्हणून आम्ही एक गोष्ट सुरू केली. घरच्या अंगणात किंवा विहारात, शंभराच्या आत माणसं, सोबत नोंदणी, तर आम्ही दोघं दोन तास येतो, ठरलेला एकच लहान रेट, चाळीस छापील फोटो, अल्बम नाही. कर्ज काढून केलेली प्री-वेडिंग घेत नाही, हे आम्ही सरळ विचारतो. लोकांना राग येतो. मोठ्या ऑर्डरी ज्यांना परवडतात त्यांच्या घेतो आणि पूर्ण पैसे घेतो, कारण कॅमेऱ्याचा हप्ता तत्त्वांनी भरता येत नाही. आमच्या धंद्यातले मित्र म्हणतात, तुम्ही मार्केट खराब करताय. वाडीतले काही म्हणतात, आमच्या मुलांनी हौस करायची नाही का, हौस काय फक्त वरच्यांनी करायची? हा दुसरा प्रश्न खरा आहे. ज्यांच्या आज्याला वरातीत घोड्यावर बसायची बंदी होती त्याला घोडा भाड्याने आणू नको म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं? आम्ही घोडा नको म्हणत नाही. पतपेढीच्या पैशाने आणू नका एवढंच म्हणतो. गेल्या सीझनला दोन तासांच्या अकरा ऑर्डरी आल्या. प्री-वेडिंगच्या सोळा परत पाठवल्या, त्या सोळाही दुसऱ्या कोणीतरी केल्या. त्या मुलाला सांगायला हे आकडे एवढेच आहेत.

जाता जाता एक घरगुती गोष्ट. तिची आई मालवणच्या बाजारात मासे विकते. लग्नानंतर दुकानात कधी आली नव्हती, रस्त्यात दिसली तर पाटी सावरत पुढे जायची. मागच्या पावसाळ्यात एक दिवस दुपारी आली. कसल्या तरी कार्डासाठी पासपोर्ट फोटो हवा होता. जवळ दुसरे तीन स्टुडिओ आहेत. स्टुलावर बसली, पदर नीट केला. फ्लॅश लावला नाही, दाराकडून उजेड येत होता तो घेतला. तिने कॅमेऱ्यामागे बघितलं नाही, भिंतीवरचा लाल पडद्याचा फोटो बघत होती. प्रिंट हातात दिल्यावर विचारलं, "किती झाले?"

"आये, असूंदे."

"असूंदे कित्या? धंदो आसा मां ह्यो?"

आठ कॉपींचे चाळीस रुपये तिने कमरेच्या पिशवीतून काढून काउंटरवर मोजले. नोटांना खवल्यांचा वास होता. ती गेल्यावर आम्ही त्याच फाइलची आणखी एक प्रिंट काढली, मोठी.